चाळीस पानांची चवथ: नैवेद्य कोणाच्या हातचा, पंगत कोणी सांभाळायची

तुम्ही विचारलंय ते आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे उत्तर कशाचं आहे ते स्पष्ट राहील. गोव्यात फोंडा तालुक्यात तुमचं सामाईक घर आहे. चुली तीन, गणपती एक, दीड दिवसाचा. आजवर सगळा स्वयंपाक सासूबाईंच्या देखरेखीखाली व्हायचा, पण यंदा त्यांना गुडघ्यांमुळे उभं राहवत नाही आणि काम थोरली सून म्हणून तुमच्याकडे आलंय. पानं चाळीस. धाकट्या जावेचं माहेर पुण्याचं आणि तिची ही पहिलीच चवथ. दीर म्हणतात आचारी बोलवा, चुलत सासरे म्हणतात बाहेरच्या हातचा नैवेद्य चालणार नाही. तुम्ही विचारताय की यातलं काय सोडता येतं, काय येत नाही आणि कशाचं प्रमाण किती.

प्रमाणं सांगतेच. पण खरा पेच प्रमाणाचा नाही. दीर आणि चुलत सासरे दोन वेगवेगळ्या जेवणांबद्दल बोलताहेत आणि दोघांनाही वाटतंय की जेवण एकच आहे. चवथीला घरात दोन जेवणं शिजतात. एक नैवेद्य: ठरलेली पानं, ठरलेले पदार्थ, थोडं प्रमाण, कडक नियम. दुसरी पंगत: माणसं येतील तितकी, पदार्थ त्यातलेच पण नियम सैल. घरात माणसं कमी होती तेव्हा दोन्ही एकाच भांड्यात निघायचं, म्हणून वेगळेपण कधी बोलून दाखवावं लागलं नाही. चाळीस पानांचा स्वयंपाक सोवळ्यात, एकाच बाईच्या हातून, दुपारी साडेबाराच्या आत व्हावा हा हट्ट धरला की कोणीतरी आजारी पडतं किंवा कोणाचं तरी मन दुखावतं. दोन्ही वेगळं केलंत तर चुलत सासऱ्यांचं म्हणणं शंभर टक्के पाळता येतं आणि आचारीही बोलावता येतो.

आता यात घरोघरी बदलणाऱ्या गोष्टी आहेत, त्या आधी विचारून घ्या. नैवेद्याची पानं किती आणि कोणाकोणाची? गणपतीचं एक, गौरीचं एक, कुलदेवतेचं, मूळपुरुषाचं, घराच्या राखणदाराचं, गाईचं. कुठे तीन पानं निघतात, कुठे सात, कुठे त्याहून जास्त. कांदा-लसूण कुठल्याच घरात नसतो, पण बटाटा, कोबी, टोमॅटो चालतो की नाही यावर मतं वेगळी असतात. गणपतीच्या पानावर दूर्वा ठेवतात, बाकीच्या पानांवर तुळस; काही घरांत चवथीपुरती गणपतीलाही तुळस चालते. उत्तरपूजेला काय दाखवायचं तेही ठरलेलं असतं. या चार गोष्टी सासूबाईंना आजच विचारा आणि त्यांच्यासमोरच लिहून काढा. शास्त्र सांगणारे पुष्कळ भेटतील, पण तुमच्या घराची पानं फक्त तुमच्या घरातली म्हातारी माणसं सांगू शकतात.

या पानांच्या यादीकडे मी इतकं लक्ष का द्यायला सांगते? कारण घराची ओळख पदार्थांपेक्षा तिथे जास्त असते. खतखतं, म्हणजे कंद-भाज्यांचं खोबरं घातलेलं कालवण, सगळ्या गोव्यात होतं. पण कुलदेवतेचं पान वाढताना जे नाव घेतात त्यात घराचा सगळा प्रवास असतो. सोळाव्या शतकात पोर्तुगीज राजवटीत देवळं पाडली जाऊ लागली तेव्हा कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, लोटलीचा रामनाथ बांदिवड्याला. त्यांच्यामागून माणसंही हलली. आज तुमचं घर फोंड्यात असलं तरी ते पान मूळ गावाचा पत्ता सांगतं. म्हणून पदार्थ एखादा कमी झाला तरी चालेल, पान कमी होऊ देऊ नका. सातव्या पानावर काय वाढलं हे वर्षाने कोणी आठवणार नाही. सातवं पान राहिलं हे मात्र वीस वर्षं बोललं जाईल.

दुसरी खूण भाताची. नैवेद्याचा भात मिठाशिवाय शिजतो, मीठ पानात वेगळं वाढतात. हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की कोणी लक्षही देत नाही. पण १७३६ साली गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाने, जे फर्मान काढलं, त्यात धर्मांतरितांनी सोडून द्यायच्या जुन्या चालींची लांबलचक यादी होती आणि भात अळणी शिजवायची चालही त्यात होती. भातात मीठ आहे की नाही यावरून माणूस कुठला हे ओळखता येतं, इतकं ते सत्ताधाऱ्यांनाही कळलं होतं. तेव्हा आचाऱ्याला किंवा पुण्याच्या सुनेला हे आधी सांगा. सवयीने कोणीतरी आधणात मीठ टाकतं आणि मग तो भात पंगतीकडे वळवून नव्याने शिजवावा लागतो.

तांदळाचंही तसंच. रोजचा उकडा नैवेद्याला घेत नाहीत, कारण तो गिरणीत येण्याआधीच एकदा उकडलेला असतो. सुरय, म्हणजे न उकडलेला तांदूळ, घ्या. पंगतीलाही चवथीला सुरयच बरा. दोन प्रकारचे भात शिजवत बसलात तर वाढताना हमखास घोळ होतो.

आता प्रत्यक्ष काम. सात पानं धरली तर नैवेद्याला पाऊण किलो तांदूळ, पाव किलो तूरडाळीचं वरण, पाऊण किलो भाज्यांचं खतखतं, वाटीभर मुगांच्या मुगागाठी (मोड आलेल्या मुगांची भाजी), अळूची एक जुडी, एकवीस मोदक किंवा नेवऱ्या आणि लिटरभर मणगणं (चणाडाळ आणि नारळाच्या दुधाची खीर) एवढंच लागतं. खोबरं चार-पाच नारळांचं. हे काम दोन जणी दोन शेगड्यांवर साडेतीन तासांत आरामात करतात. सकाळी साडेआठला सुरुवात केली तर बाराला पानं वाढून होतात. सोवळं पाळायचं ते एवढ्या वेळापुरतं आणि एवढ्याच भांड्यांपुरतं.

चाळीस पानांच्या पंगतीला साडेचार किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ, सव्वा किलो मूग लागतात. खतखत्याला सोलून चिरलेल्या चार किलो भाज्या, अर्धा किलो तूरडाळ, चार नारळ, २५ ब्याडगी मिरच्या, दोन चमचे हळद, ४० तिरफळं, २० ते २५ सोलं (आमसुलं) आणि २०० ग्रॅम गूळ. मणगण्याला पाऊण किलो चणाडाळ, १५० ग्रॅम साबुदाणा, सव्वा किलो गूळ, पाच नारळ. नेवऱ्या माणशी दोन धरून ऐंशी. नारळ सगळे मिळून २३-२४ नुसते खोवायलाच लागतात, पूजेचे आणि माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात त्या फळांच्या चौकटीचे, वेगळे. मोजणीत सगळ्यात जास्त चुका नारळांच्या होतात. आदल्या रात्री दुकान शोधायला नको म्हणून तीस आणून ठेवा.

खतखत्यावर जरा थांबते, कारण बिघडतं ते इथेच. भाज्यांची संख्या विषम ठेवतात: पाच, सात, नऊ, हौस असेल तर एकवीस. तुम्ही सात घ्या. सुरण, कणगी (एक लहान कंद), रताळं, कच्चं केळं, लाल भोपळा, शेवग्याच्या शेंगा, मक्याचं कणीस. कणगी मिळाली नाही तर निरफणस घाला. एकवीस भाज्यांचं खतखतं नावाला भारी वाटतं, पण प्रत्येकीचा शिजायचा वेळ वेगळा आणि सात-आठ भाज्यांच्या पुढे चवीत काही भर पडत नाही. सगळ्या भाज्या एकदम टाकल्या की भोपळा विरघळतो आणि सुरण दातांखाली कचकचतो. आधी डाळ मऊ शिजवून बाजूला ठेवा. मोठ्या भांड्यात पाणी उकळल्यावर सुरण, कणगी आणि कणसाचे तुकडे घाला. ते अर्धे शिजले की रताळं, केळं आणि शेंगा, आणि शेवटी भोपळा. मग डाळ, मग खोबरं-मिरची-हळदीचं वाटण, गूळ, मीठ.

सुरणाची एक अडचण आहे. सुरण खाजतो, म्हणून त्याला आंबट लागतं. पण आंबट आधी घातलं तर कंद आणि डाळ लवकर शिजत नाहीत, कितीही उकळलं तरी मधे घट्ट राहतात. यावर उपाय असा की चिरलेला सुरण अर्धा तास सोलांच्या पाण्यात भिजत ठेवायचा, ते पाणी टाकून द्यायचं, सुरण स्वच्छ धुवायचा आणि मग शिजवायचा. खतखत्यातली सोलं मात्र अगदी शेवटी. चिरताना हाताला खोबरेल लावा. अळूचं गणितही याच जातीचं: पानं पूर्ण शिजू द्यायची, आंबाडे ठेचून घालायचे आणि घशाला खवखव राहील अशी जरा जरी शंका आली तर आणखी दहा मिनिटं उकळायचं. अळू कच्चं राहिलं तर सगळी पंगत घसा धरून बसते.

तिरफळाचं काळं बी काढून टाका, वरची टरफलंच घ्या. ती अर्धी वाटी पाण्यात हलकी ठेचून पाण्यासकट घाला, सोलांबरोबरच. त्यानंतर दोन उकळ्या पुरेत. जास्त उकळलं की वास उडतो आणि कडवटपणा उरतो. वर चमचाभर कच्चं खोबरेल आणि झाकण. फोडणी नाही. बाहेरचा आचारी असेल तर हे नक्की सांगा; मोहरी-हिंगाची फोडणी पडली की ती चांगली मिश्र भाजी होते, खतखतं राहत नाही.

आता चव घ्यायचा प्रश्न. नैवेद्य दाखवण्याआधी चाखत नाहीत. सासूबाईंना चाळीस वर्षांच्या हाताने अंदाज होता, तो तुम्हाला एका वर्षात येणार नाही आणि यायची गरजही नाही. मीठ वजनावर घाला. शिजलेल्या पातळ भाजीच्या किलोला ९ ग्रॅम मीठ बरोबर बसतं. नैवेद्याचं खतखतं साधारण सव्वा किलो होतं, त्याला ११ ग्रॅम. पंगतीचं साडेसहा किलो होतं, त्याला ५५ ते ६० ग्रॅम. चमच्याने मोजू नका, कारण मिठागराचं जाड मीठ आणि बारीक मीठ यांचा एक चमचा सारख्या वजनाचा नसतो. छोटा वजनकाटा ओट्यावर ठेवा. काटा ठेवण्यात देवाचा काही अपमान नाही, अळणी किंवा खारट पान वाढण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

मुगागाठीचे मूग सोललेले असतात आणि नवख्या हाताचा सगळा वेळ इथेच जातो. चवथ ज्या दिवशी, त्याच्या दोन दिवस आधी सकाळी भिजवा, रात्री फडक्यात सैल बांधा, दुसऱ्या दिवशी एकदा धुऊन पुन्हा बांधा. पावसाळी हवेत घट्ट बांधलेले मूग चिकट होतात आणि त्यांना वास येतो. चवथीच्या आदल्या संध्याकाळी कोमट पाण्यात पंधरा मिनिटं ठेवून हाताने चोळलं की सालं वर तरंगतात. सव्वा किलो मुगांना दोन माणसं आणि दीड तास धरा. इतका वेळ नसेल तर पंगतीसाठी सालासकट करा, नैवेद्यापुरते सोला.

मणगण्यात गूळ घालायचा तो डाळ बोटांनी चिरडेल इतकी शिजल्यावरच. आधी घातला तर डाळ तशीच टणक राहते. गूळ दुसऱ्या दुधात विरघळू द्या, मग आंच अगदी बारीक करून नारळाचं पहिलं दूध घाला आणि उकळी येऊ देऊ नका, नाहीतर फुटतं. उकडीचे मोदक करणार असाल तर दोन वाट्या तांदळाच्या पिठाला दोन वाट्या पाणी, दोन वाट्या खोबरं आणि वाटीभर गूळ एवढ्यात एकवीस होतात. चाळीस माणसांना मात्र उकडीचे नको. पंगतीला नेवऱ्या करा, त्याही रवा-सुक्या खोबऱ्याच्या कोरड्या सारणाच्या. चार दिवस आधी करून डब्यात राहतात. ओल्या सारणाच्या नेवऱ्या चवीला सरस, पण त्या आदल्या दिवशीच कराव्या लागतात, आणि सारणात ओल राहिली की तेलात तोंड उघडतात.

आदला दिवस म्हटला की दुसरी गोष्ट येते, जिच्याबद्दल घरात सहसा कोणी बोलत नाही. आदला दिवस तयचा, म्हणजे हरितालिकेचा असतो. ज्या बायकांनी दुसऱ्या दिवशी चाळीस पानांचं रांधायचं, त्यांचा तयला उपास. काही जणी पाणीही घेत नाहीत. त्याच संध्याकाळी घरातले पुरुष माटोळी बांधत असतात: केळ्यांचा घड, नारळाची पेंड, सुपारीचं शिपटं, तवशी, तोरिंग, कांगलां, माट्टीची फळं. माटोळी बांधणं हे मोठं आणि कौशल्याचं काम आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण रात्री माटोळी झाली की पुरुषांचं काम संपतं आणि नेमकं तेव्हा उपाशी बायकांचं सुरू होतं. भूमिकांची ही वाटणी जुनी आहे म्हणून ती योग्य असं मी मानत नाही. नारळ खोवणं, कंद सोलणं, शेंगा मोडणं, मूग चोळणं यातलं एकही काम बायकांनीच करावं असा नियम कुठेही नाही. माटोळी दुपारी चारपर्यंत संपवा आणि संध्याकाळी चार आदोळ्या (खोवणीच्या विळ्या) मांडून पुरुषांना व मुलांना पंगतीच्या नारळांना बसवा. चौघांनी अठरा-वीस नारळ खोवले तर दीड तासाचं काम आहे. खोवलेलं खोबरं रात्री फ्रिजमध्ये ठेवा, भाद्रपदाच्या दमट हवेत बाहेर ठेवलं तर सकाळपर्यंत आंबतं. नैवेद्याचे चार-पाच नारळ सकाळीच फोडा आणि सोवळ्यातच खोवा.

सासूबाईंबद्दल. उभं राहवत नाही म्हणून त्यांना बाहेरच्या खोलीत खुर्ची देऊन बसवू नका. ज्या बाईने इतकी वर्षं ही चूल चालवली, तिला सणाच्या दिवशी पाहुण्यासारखं बसवणं म्हणजे तिची जागा काढून घेणं. खुर्ची स्वयंपाकघरातच ठेवा, नैवेद्याच्या ओट्याजवळ. बसून होणारी आणि मानाची कामं त्यांच्याकडे द्या: मोदकांच्या कळ्या, मीठ वजन करून वाटीत काढणं, पानं वाढून झाल्यावर शेवटची नजर टाकणं. कुठल्या पानाचा शेंडा कुठे, चटणी कुठे, कुठल्या पानावर गोड आधी, हे त्यांनी सांगायचं आणि तुम्ही करायचं. अधिकार त्यांचा राहतो, श्रम तुमचे होतात आणि पुढच्या वर्षीपर्यंत हळूहळू तो तुमच्याकडे येतो. हा बदल एका दिवसात, सगळ्यांसमोर झाला तर दोघींनाही जड जातो.

सासूबाईंच्या वयाची एखादी विधवा काकी किंवा आत्या घरात असेल तर तिला नैवेद्याच्या ओट्यापासून लांब ठेवण्याची चाल काही घरांत अजून आहे. माझं मत स्पष्ट आहे: ती चाल मोडा. बहुतेक घरांत सगळ्यात जास्त माहिती तिलाच असते. तसंच पाळीचं. त्या दिवशी कोणाला अडचण आली तर काय, हे आयत्या वेळी सगळ्यांसमोर विचारायची पाळी येऊ नये म्हणून नैवेद्याचं काम सुरुवातीपासून दोन जणींना शिकवून ठेवा. पाळायचं की नाही ते तिचं तिला ठरवू द्या, आणि काम बदललं तर कारण विचारू नका.

धाकट्या जावेला पहिल्या वर्षी कुठलं काम द्यायचं यावर थोडा विचार करा. नव्या सुनेला पानं पुसायला किंवा भांडी विसळायला लावलं तर तिला कळतं की आपण अजून बाहेरच्या आहोत. उलट पहिल्याच वर्षी खतखतं तिच्या गळ्यात घातलं तर ती परीक्षा होते. मधलं काम द्या: वरण. गोव्याचं वरण तिच्या माहेरच्यापेक्षा वेगळं असतं, तूरडाळ घोटून त्यात हळद, हिंग, हिरवी मिरची आणि वाटलेलं खोबरं. शिकायला सोपं, बिघडायची भीती कमी, आणि पहिल्या भातावर सगळ्यांच्या पानात तेच पडतं. तिच्या माहेरचा एखादा पदार्थ तिला करावासा वाटला, पुरणपोळी किंवा मसालेभात, तर तो पंगतीत घ्या. नैवेद्याच्या पानावर घ्यायचा की नाही ते सासूबाईंनी ठरवावं. कोणी म्हणेल की आमच्या पानावर नवं काही आलं नाही, तर खतखत्याकडे बोट दाखवा. त्यातली मिरची, मक्याचं कणीस, रताळं आणि लाल भोपळा हे सगळं अमेरिका खंडातून समुद्रमार्गे आलेलं आहे. एके काळी तेही बाहेरचंच होतं.

वज्याबद्दल तुम्ही थेट विचारलं नाहीत, पण पहिली चवथ म्हटल्यावर ते येणारच. मुलीच्या माहेरून सासरी येणारं चवथीचं वजें, म्हणजे माटोळीचं सामान, फळं, केळ्यांचा घड, लाडू-नेवऱ्या, हे पुण्याच्या घराला माहीत असण्याचं कारण नाही. यादी पाठवू नका आणि घरातल्या कोणाला पाठवूही देऊ नका. किती टोपल्या आल्या यावर मुलीची किंमत ठरवणं ही या सणातली सगळ्यात वाईट सवय आहे. ते विचारतीलच. विचारलं तर म्हणा, पाच नारळ आणि तुमच्याकडचं एखादं गोड आणा. जे येईल ते माटोळीला बांधा आणि बांधताना हे अमक्याच्या माहेरचं असं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा.

लेकींचाही विचार करा. चवथीला त्या आपापल्या सासरच्या गणपतीत अडकलेल्या असतात. ज्या दुसऱ्या दिवशी पंचमीला येतात, त्या माहेरवाशिणी म्हणून बसतात आणि सुना वाढतात. लेकीने माहेरी विसावा घ्यावा हे बरोबरच आहे, पण सलग दोन दिवस रांधलेल्या सुनेने तिसऱ्या पंगतीला उरलंसुरलं खावं हे बरोबर नाही. पंचमीची पंगत लेकींनी आणि जावयांनी वाढावी असं एकदा सुचवून पाहा. नव्याच्या, म्हणजे नव्या भाताच्या कणसांची पूजा झाल्यावर तसाही सगळ्यांचा हात मोकळा असतो.

आता आचारी. पंगतीसाठी जरूर घ्या, चाळीस पानांना एक आचारी आणि एक मदतनीस पुरतो. मागच्या पडवीत त्याची वेगळी शेगडी लावा. भांडी घरची किंवा देवळातल्या समाराधनेला वापरतात ती, मासळीला वापरलेली नकोत. लाकडी चमचे आणि डाव नवे आणा, कारण लाकडात वास मुरतो. तिरफळ, सोलं आणि मीठ तुम्ही मोजून द्या. नैवेद्य दाखवून झाला की गणपतीच्या पानावरचा थोडा थोडा प्रसाद पंगतीच्या प्रत्येक भांड्यात मिसळतात, ही चाल बऱ्याच घरांत आहे. तुमच्याकडे नसेल तर यंदा सुरू करा. मग पंगतीच्या पानावर जे पडतं तेही प्रसादच होतं आणि कोणी शिजवलं हा वाद उरत नाही.

पंगती दोन करा, तीन नको. पहिल्या पंगतीला मुलं, वयस्कर माणसं, पाहुणे आणि सकाळपासून उभ्या असलेल्या दोघी-तिघी. हो, रांधणाऱ्या पहिल्या पंगतीला. दुसरीला वाढणारे. वीस पानांना वाढायला चार माणसं लागतात: एक मीठ-चटणी-कोशिंबीर, एक भात-वरण-तूप, एक खतखतं-मुगागाठी-अळू, एक गोड आणि पाणी. ही चारही माणसं पहिल्या पंगतीला पुरुष असू देत. वाढणारा बदलला की कोण कोणाची सेवा करतो हे न बोलता बदलतं, आणि जेवणात फरक काही पडत नाही. दुसऱ्या पंगतीसाठी भात वेगळा, अर्ध्या तासाच्या अंतराने लावा, सगळा एकदम शिजवू नका. मणगण्याचं भांडं अर्धं बाजूला झाकून ठेवा, नाहीतर शेवटच्यांच्या वाट्याला तळाची डाळ येते.

राहता राहिले चुलत सासरे. त्यांच्याशी बोलायला तयचा दिवस उजाडू देऊ नका. श्रावणातच, सासूबाई समोर असताना बोला, आणि बोलायची सुरुवात आचाऱ्यापासून करू नका. आधी पानांची यादी त्यांच्यापुढे ठेवा आणि विचारा की एखादं पान सुटलंय का. नैवेद्य पूर्ण घरच्या हातचा, सोवळ्यात, अमुक दोघींचा, सासूबाईंच्या नजरेखाली, हे आधी सांगा. त्यावर त्यांची मान हलली की मग पंगतीचं काढा. तरीही ते अडून बसले तर पंगतीचं खतखतंही घरीच करायचं कबूल करा आणि आचाऱ्याकडे भात, वरण, अळू, मणगणं आणि तळण सोपवा. चार किलो भाज्या आधी चिरून ठेवल्या तर खतखतं दीड तासात होतं, आणि तेवढं तुम्हाला जमेल.